वैशाखातली शेवंती

माझ्या घरात फूल नाही. देवापुढं नाही, दाराला तोरण नाही, बायकोच्या फोटोला हार नाही. सारा जन्म फुलात गेलेल्या माणसाच्या घरात फूल नाही म्हटल्यावर लोक बोलणारच. वर्षश्राद्धाला आलेला एक पाहुणा तोंडावरच बोलला, "साऱ्या अकोल्याले हार पुरवले या बुढ्यानं, अन् घरच्या लक्ष्मीच्या फोटोले एक हार नाई." त्यानं येताना हार आणला होता, तो त्यानं फोटोला घातला. तो पंगतीत बसला तसा मी हार काढला आणि नेऊन वावराच्या धुऱ्यावर, बांधाच्या कडेला टाकून आलो. परत येऊन त्याला म्हटलं, "तुमी जेवा." दुसरं काय सांगणार. कारण लांब आहे, पंगतीत सांगायचं नाही.

म्हणून इथं लिहितो. मी सातवीपर्यंत गेलो, तेही ढकलत. लिहायची सवय नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमी बोलता ना, तसंच लिहा." तसंच लिहून राह्यलो.

हिवरखेडच्या पुढं आमचं वावर आहे. विहिरीला पाणी बरं, म्हणून बापानं कपाशी सोडून फुलं लावली. झेंडू, शेवंती, बांधाकडेला थोडा मोगरा. बायको लग्न होऊन आली ती माळ्याचीच लेक. सुई-दोरा हातात घेऊनच आली म्हणा ना. तिची बोटं इतकी झरझर चालत की नजर मागं राही. बोलायला माझ्याहून फटकळ. पहिल्याच हंगामात मी ओवलेला हार तिनं वर धरून पाहिला आणि म्हणाली, "हा हार हाय का बैलाचं दावं?"

पोरगी झाल्यावर दोनेक वर्षांनी तिला ते सुरू झालं. ओवता ओवता ती थांबायची. डोळे उघडे, पण त्यात कोणी नाही. तोंडात घास असल्यासारखा जबडा हलायचा. हातात सुई नाही, फूल नाही, तरी उजव्या हाताची बोटं ओवतच राहायची. कधी तेवढ्यावर भागायचं. कधी मग सारं अंग ताठ व्हायचं, ती आदळायची, तोंडाला फेस यायचा. उठली की तिला काही आठवायचं नाही. विचारायची, "मी पडली का?" मी म्हणायचो, "हो." मग ती लुगड्याचा पदर सारखा करायची आणि राहिलेला हार पुढं ओवायची.

लोकांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, मुठीत लोखंडी किल्ली दिली. पण सगळ्यात मोठी गोष्ट अशी की तिला हे नवरात्रात जास्त यायचं. झालं. गावानं ठरवलं, अंगात येते. बाया ओटी घेऊन यायला लागल्या. ती पडली की कोणी तिच्या पायाला हात लावी, कोणी विचारी, माझ्या पोराचं लग्न कधी जमन. शुद्धीवर आल्यावर कपाळभर कुंकू पाहून ती चिडायची. म्हणायची, "देवी येते तं मलेच कावून आपटते? तिले म्हणा, आली हायेस तं चार भाकरी थापून जाय."

नवरात्रात का यायचं, ते आता कळतं. आमच्या धंद्यात घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत कोणी झोपत नाही. फुलं तोडा, ओवा, गाडी भरा, पुन्हा तोडा. झोप मोडली की ही बिमारी उठते, हे पुढं डॉक्टरांनी सांगितलं. देवी नव्हती, जागरण होतं. ते कोणी पाहिलं नाही, कारण सगळेच जागे होते.

अकोल्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. झटके कमी झाले, गेले नाहीत. गोळ्या बदलल्या, वाढवल्या, ती दिवसा पेंगायला लागली, तरी गेले नाहीत. त्या डॉक्टरांनी दर वेळी एक गोष्ट विचारली. झटका यायच्या आधी काही कळतं का? कसला वास, कसला आवाज, पोटातून काही वर आल्यासारखं? आम्ही दर वेळी सांगितलं, नाही. तीही म्हणायची, "नाई जी, काईच नाई." त्यांनी ते लिहून घेतलं. पुढं ज्याच्याकडं गेलो त्यानंही विचारलं, त्यालाही तेच सांगितलं. इतकी वर्षं आम्ही हेच सांगत राह्यलो, आणि खोटं बोलतो असं आम्हा दोघांच्याही मनात नव्हतं.

मग एकदा ती चुलीवर पडली. हात कोपरापर्यंत भाजला. त्यानंतर मी तिला चुलीजवळ जाऊ दिलं नाही. सैपाक मी करायचो. न्हाणीत गेली की दाराला कडी लावू द्यायचो नाही, बाहेर उभा राहायचो. विहिरीकडं एकटी जायची नाही. ती म्हणायची, "मले काय कोंबडीवानी टोपल्याखाली झाकून ठेवता?" पण ऐकायची.

मुलगी अकोल्यात दिलेली आहे, अंगणवाडीत काम करते. भाजलेला हात पाहून ती म्हणाली, "बाबा, आईले मी अमरावतीले नेतो. तथी एक डॉक्टरीण बाई हाय. फक्त हीच बिमारी पाहते." मी म्हटलं, "सारे सारखेच." ती म्हणाली, "असतीन सारखे. तुमी पिशवी भरा."

त्या डॉक्टरीण बाई माझ्या मुलीपेक्षा थोड्या मोठ्या असतील. जुने कागद सगळे पाहिले. मग बायकोकडं तोंड करून बसल्या, माझ्याकडं नाही. हे मला आवडलं. म्हणाल्या, "मावशी, मेंदूत वीज खेळते. सगळ्यांच्याच खेळते. तुमच्यात ती एका जागी बिघडते आणि मग सगळीकडं पसरते. पसरली की सगळ्यांना दिसते. पण सुरू कुठून होते, ते शोधायला पाहिजे. जागा नक्की सापडली, तर तेवढाच तुकडा काढता येतो. मग झटके थांबू शकतात."

बायको म्हणाली, "आमच्या गावातली डीपी उडते तं सारं गाव अंधारात. लाइनमन म्हणते, फाल्ट सापडून नाई राह्यला."

"तसंच समजा. मी तुमची लाइनमन."

"मंग तुमाले सापडन. आमचा तं दारू पिऊन येते."

तिला भरती केलं तेव्हा वैशाख होता. अमरावतीचं ऊन म्हणजे विचारू नका. एक खोली, खिडकीत कूलर, भिंतीला वर एक कॅमेरा. एक टेक्निशियन पोरगी आली. तिनं फीत घेऊन डोकं मोजलं, पेन्सिलीनं खुणा केल्या, केस बाजूला करून एकेक जागा रवाळ मलमानं घासली आणि तिथं तार चिकटवली. तेल लावून यायचं नाही असं आधीच सांगितलं होतं. बायको तेलाशिवाय घराबाहेर पडलेली मी कधी पाहिली नव्हती. तिचे केस असे कोरडे, पांढरे, विस्कटलेले पाहून मला कसंसंच झालं. ती मात्र म्हणाली, "पोरी, हळू घास. डोकं हाय माहं, करपलेली कढई नोय."

पोरगी हसली आणि म्हणाली, "मावशी, तोंडात काय आहे?"

"सुपारी."

"ती थुंका. जबडा हलला, दात चावले, तरी मशीनवर बारीक लहर उमटते. आणि मॅडमना जी बारीक लहर शोधायची आहे ती तशीच दिसते. मग कोणती कोणती, ते ओळखता येत नाही."

"म्हंजे माही बिमारी अन् माही सुपारी सारखीच दिसते?"

"हो."

"मंग सुपारीच काढा कापून. बिमारी राहू द्या."

पण थुंकली. सुपारीवाचून ती सारखी चिडचिड करायची. गोळ्या कमी केल्या होत्या, म्हणजे झटका यावा. घरी ज्याच्या भीतीनं आम्ही वर्षानुवर्षं डोळ्यात तेल घालून बसायचो, तो यावा म्हणून इथं वाट पाहत बसलो. आणि तो येईना. बायको म्हणाली, "पाव्हण्यावानी हाय. बलावलं का येत नाई."

मग एका दुपारी आला. मुलगी खुर्चीवर बसून तिला मोसंबी सोलून देत होती. मी भिंतीला टेकून खाली बसलो होतो. बायकोनं मोसंबीची फोड हातातच धरली, नाक वर केलं आणि म्हणाली, "शेवंती कोणं आणली?"

मी म्हटलं, "कुठची शेवंती?"

"येऊन राह्यला ना वास. ओली शेवंती हाय, तोडलेली."

"अवं, वैशाखात कुठची शेवंती? साऱ्या वऱ्हाडात एक फूल नाई सापडणार."

"मले नका शिकवू. शेवंतीच हाय."

"मी म्हणतो नाई."

"तुमचं नाक गेलं. फेकून द्या थे."

मी आणखी काही बोलणार होतो. माळी माणूस, बायको वैशाखात शेवंती म्हणते हे माझ्याच्यानं सहन होईना. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, चूप." बायकोचे डोळे थांबले होते. जबडा हलायला लागला. उजवा हात ओवायला लागला. मुलीनं बटन दाबलं. ती टेक्निशियन पोरगी धावत आली, तिनं बायकोला कुशीवर वळवलं आणि मोठ्यानं विचारत राह्यली, मावशी, तुमचं नाव काय, मावशी, हा रंग कोणता. मी हात पुढं केला तर मला म्हणाली, "काकाजी, हात लावू नका, तारा निघतील." मी भिंतीला चिकटून उभा राह्यलो. तिला झटका आला आणि मी तिच्यापासून लांब आहे असं त्या दिवशी पहिल्यांदाच झालं.

कॅमेऱ्यात आमचं सारं बोलणं आलं होतं. डॉक्टरीण बाईंनी ते ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग खोलीत आल्या. बायको तोवर उठून बसली होती. बाई म्हणाल्या, "मावशी, हा शेवंतीचा वास आधी कधी आला होता? झटक्याच्या आधी?"

बायको म्हणाली, "वास तं नेहमीच येते."

"नेहमी म्हणजे?"

"म्हंजे घरात शेवंतीच हाय. हंगाम सरला तरी टोपल्यात, बारदान्यात, लुगड्यात. बारा महिने तोच वास. कधी जास्त येते, कधी कमी."

"मग विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?"

"मासोळीवालीले कोणी इचारते का, तुले मासोळीचा वास येते का म्हणून?"

बाई खुर्ची ओढून बसल्या. इतक्या वर्षांचं सारं माझ्या डोळ्यापुढून गेलं. तो वास तिला दर वेळी येत होता. ती पडायच्या आधी बिमारी दर वेळी आवाज देत होती, आणि आमच्या घरात त्याच वासाचे ढीग पडलेले. गहू विकणाऱ्याच्या घरी, शिंप्याच्या घरी हे पहिल्याच वर्षी कळलं असतं. आमच्या घरी कळायला अमरावतीला यावं लागलं, तेही वैशाखात.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला कॉम्प्युटरपुढं बसवलं. पडद्यावर खालपर्यंत रेघाच रेघा. एकेक रेघ म्हणजे डोक्यावरची एकेक जागा. झटक्याचा भाग त्यांनी दाखवला, तो नुसता काळा झाला होता, पोरांनी पाटीवर गिरगटावं तसा. म्हणाल्या, "इथं डोकं हललं, दात आवळले, त्यात सगळं बुडालं. झटका म्हणजे गोंधळ. गोंधळात खरी जागा दिसेलच असं नाही. आता हे पाहा. ही मावशींची दुपारची झोप. अंग ढिलं, तोंड रिकामं, सुपारी नाही."

या रेघा शांत होत्या. मधेच एखादा मोठा उंचवटा यायचा, तो आजूबाजूच्या रेघांवरही दिसायचा. बाई म्हणाल्या, "हे मोठे उंचवटे लांबपर्यंत पसरतात, म्हणून त्यांच्यावर पुरता भरवसा ठेवता येत नाही." मग एका रेघेचा बारकासा तुकडा त्यांनी ताणून मोठा केला. त्यावर कंगव्याच्या दातासारखे बारीक दात होते. एकाला एक लागून, पापणी लवायच्या आत कितीतरी. "ही खूप जलद लहर आहे. इतकी बारीक की साध्या डोळ्यानं पाहिलं तर रेघ जराशी जाड झाली एवढंच वाटतं. ही सगळीकडं नाही. ही इथंच आहे, आणि जवळच्या या रेघेवर जराशी. जिथून झटका उठतो, ती जागा झटका नसतानाही, झोपेतसुद्धा अशी एकटीच कुरकुरत असते."

बायको पडद्याजवळ गेली. बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "दूध उतू जायच्या आधी पातेल्याच्या कडेले एकाच जागी बारीक बारीक फोड येते. बाकी दूध निवांत असते. तसं हाय का हे?"

"तसंच आहे."

"मंग उतू जाते तवा सारंच जाते. कुठून चाललं थे कोण पाहते."

बाईंनी तिच्या उजव्या कानाच्या थोडं पुढं, वरच्या अंगाला बोट ठेवलं. "इथं, आत. वास ओळखायची जागाही इथंच जवळ आहे. मशीन जे म्हणतं आणि तुमची शेवंती जे म्हणते, ते जुळलं." पण लगेच हेही सांगितलं, की ही बारीक लहर कवटीच्या बाहेरून अंधुकच दिसते, नुसत्या तिच्यावर चाकू चालवता येत नाही. मोठ्या शहरात नेऊन आत बारीक तारा घालून पुन्हा एकदा पाहावं लागेल. तिथंही हीच जागा निघाली तर ऑपरेशन. तारीख मिळाली ती दिवाळीनंतरची.

बायकोनं एकच प्रश्न विचारला. "शेवंतीचा वास जाईन का मंग?"

"झटक्याचा जाईल. खऱ्या फुलाचा राहील, बहुतेक."

"राहू द्या. नाई तं धंदा बसन."

एसटीत येताना ती सारखी कानाजवळ बोट लावून पाहत होती. मूर्तिजापूर आलं तेव्हा माझ्याकडं वळून म्हणाली, "साऱ्या गावानं जिले ओटी भरली, थे भवानी अथी बसली हाय. नखाएवढ्या जाग्यात." आणि खूप हसली. खूप वर्षांनी अशी हसली.

घरी आल्यावर आम्ही घरातली फुलं काढली. हे तिनंच ठरवलं. म्हणाली, "घरात शेवंती नसली तं जो वास येईन थो तिचाच, माह्या भवानीचा." बरोबर होतं. टोपल्या, बारदाना, सुतळी, कात्र्या, सगळं वावरातल्या टिनाच्या शेडमध्ये नेलं. घर सारवलं, भिंतींना चुना मारला. ओवायची लुगडी वेगळी, ती शेडमध्येच बदलून यायची. देवाला तुळशीचं पान. शेजारणी म्हणाल्या, माळ्याच्या देवाले फूल नाई, हे चांगलं लक्षण नोय. बायको म्हणाली, "देवाले सांगतलं मी. थो काई बोलला नाई, तुमीच बोलून राह्यल्या."

आणि ते चाललं. तो पावसाळा मी विसरणार नाही. ती भाजी चिरताना थांबायची, नाक वर करायची, म्हणायची, "आली शेवंती." हातातला चाकू बाजूला ठेवायची आणि जमिनीवर आडवी व्हायची. मी डोक्याखाली वाकळ द्यायचो. झटका यायचा, जायचा. कुठं लागलं नाही, कुठं भाजलं नाही. वेळ थोडाच मिळायचा, पण चाकू ठेवायला, चुलीपासून सरकायला पुरायचा. ती पुन्हा सैपाक करायला लागली. पहिल्या दिवशी तिनं वरण-भात, पोळ्या आणि आंब्याचं लोणचं वाढलं आणि माझ्या पानाकडं पाहत बसली. मी जेवून उठलो तरी काही बोललो नाही. ती म्हणाली, "इतके वर्स तुमच्या हातचं खाल्लं, मी तं रोज नावं ठेवत होती. तुमी एक दिवस चांगलं म्हणा." मी म्हटलं, "मीठ कमी होतं." मीठ बरोबर होतं.

एका सकाळी ती न्हाणीत गेली आणि आतून कडी लावली. कडीचा आवाज मी ऐकला. सवयीनं मी दाराबाहेर उभा होतो. आतून म्हणाली, "जा ना बाप्पा. उभे कावून राह्यले? वास आला तं उघडीन मी." मी ओसरीवर जाऊन बसलो. पाण्याचा आवाज येत राह्यला. तिला इतकं तरी मिळालं, असं मी आता मनाला सांगतो. कधी पटतं, कधी नाही.

दसरा आला. त्या साली नवरात्रभर पाऊस होता. आता हल्ली तसंच होतं, परतीचा पाऊस नेमका फुलावर येतो. अष्टमीला वाऱ्यानं शेडचं टिन उचकटलं, आत चिखल झाला. तोडलेला माल भिजला की काळा पडतो. शेवंतीचा पहिला बहार त्याच वेळी निघालेला. माणसं टोपल्या घेऊन पावसात उभी. मी म्हटलं, शाळेच्या पडवीत ठेवू. ती म्हणाली, "तथी ढोरं शिरते. घरात आणा. दोन दिवसाची तं गोष्ट." तिनंच मधल्या खोलीत पोत्यांचा बारदाना अंथरला. रिकाम्या, चुना मारलेल्या घरात पुन्हा फुलं आली. खोली भरली, वास भरला. ती नाक उडवून म्हणाली, "आता माही भवानी आली तरी मले समजणार नाई." आम्ही सगळे हसलो. कामात होतो.

झोप तिला मी घ्यायला लावायचो, पण नवरात्रात ती कुठं ऐकते. दसऱ्याच्या सकाळी शेवटची गाडी अकोल्याला गेली. झेंडू सारा गेला. शेवंतीच्या काही टोपल्या खोलीत राह्यल्या. तिनं गोळी घेतली, मी पाहिलं. भाकर खाल्ली. म्हणाली, "पडतो मी जरासाक. सोनं द्याले लोक येतीन तवा उठवजा." आणि त्याच खोलीत टोपल्यांच्या बाजूला आडवी झाली.

मी ओसरीवर बसलो. दिवस कलला. लोक आपट्याची पानं घेऊन यायला लागले. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. बाया विचारायच्या, काकू कुठी? मी म्हणायचो, "झोपली हाय. इतक्या दिवसाची जागी हाय, झोपू द्या तिले. मंग या." एक पोरगी जरा मोठ्यानं बोलली, तिला मी दटावलं. बायकोच्या वाट्याची पानं मी उंबऱ्यावर एका बाजूला ठेवत गेलो. चांगला ढीग झाला. मला बरं वाटत होतं, की आज तिला गाढ झोप लागली.

दिवा लावायच्या वेळेला चहा केला आणि आत गेलो. ती पालथी होती. तोंड बारदान्यात. मी खांद्याला हात लावला तेव्हा कळलं.

झोपेत झटका आला असावा आणि श्वास थांबला असावा, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या. या बिमारीत असं क्वचित होतं. मुलगी आणि मी त्यांना सांगायला अमरावतीला गेलो होतो. मोठ्या शहरातली तारीख रद्द करायची होती, ती फोनवरही झाली असती. पण मला एक विचारायचं होतं. मी विचारलं, "बाई, फुलं घरात नसती तं तिले वास समजला असता?"

त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाल्या, "झोपलेल्या माणसाला वास कळत नाही, काका. फुलं असती काय आणि नसती काय." त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच तसं आहे, मला माहीत नाही. माझं शिक्षण तेवढं नाही. मी ते धरून ठेवलं आहे.

उठताना मी म्हटलं, "तिची थे झोप हाय का अजून? मशीनमधली?" बाईंनी मुलीकडं पाहिलं. मुलीनं मान हलवली. त्यांनी लावलं. पडद्याच्या एका कोपऱ्यात ती झोपलेली, डोक्याला तारा, तोंड जरासं उघडं, कूलरच्या वाऱ्यानं एक बट हलत होती. बाजूला तिच्या रेघा चाललेल्या. बाईंनी न सांगता तो तुकडा मोठा केला. ते बारीक दात तसेच होते. मोठ्या शहरात ज्या जागी तारा घालायच्या होत्या, ती जागा एकटीच कुरकुरत होती. सापडली होती. मी हात पुढं केला, आणि त्या टेक्निशियन पोरीचं ते बोलणं, हात लावू नका, आठवून मागं घेतला.

शेवंती मी अजून लावतो. पोट आहे. शेड नवीन केली, टिन पक्कं बसवलं. पण घरात फूल येऊ देत नाही. लोक विचारतात, आता कोणासाठी? मी सांगत नाही. त्या दुपारी तिला वास आलाच असेल, तर तो तिला फुलांचाच वाटला असेल. हातातलं काम झालं, माल गेला, टोपल्या जवळ आहेत, वास त्यांचाच, असं समजून ती निजून राह्यली असेल. मी रोज संध्याकाळी दार लावून त्या चुना मारलेल्या खोलीत थोडा वेळ बसतो. नाक वर करून पाहतो. ती म्हणाली होती ना, घरात शेवंती नसली तर जो वास येईल तो तिचाच. कसलाच वास येत नाही.